टॉवरचं डिझेल, वस्तीचं दूध

“चावी तुझ्याकडं हाय का न्हाय, तेवढंच बोल! बाकीचं पुराण मला नको!”

आबा ओरडत होते. आबा म्हणजे आमच्या दूध संस्थेचे चेअरमन. आवाज असा की त्यांनी वस्तीवर नुसतं खाकरलं तरी भिगवण स्टेशनात गाडी थांबावी. एका हातात धोतराचा सोगा, दुसऱ्या हातात छत्रीचा दांडा. नुसता दांडाच, कारण छत्रीचं कापड आदल्या संध्याकाळी वाऱ्याबरोबर निघून गेलं होतं. ते माझ्या दूध केंद्राच्या दारात उभे होते आणि त्यांच्या मागं अख्खी वस्ती. ज्याच्या त्याच्या हातात दुधाची किटली, डोक्यावर पोत्याची खोळ.

“आबा, चावी हाय,” मी म्हणालो, “पर ती टॉवरची हाय. कंपनीची.”

“मी कुठं म्हणतो तुझ्या सासऱ्याची हाय म्हणून? उघड की!”

आमची वस्ती अंथुर्ण्याच्या पुढं, नीरेच्या अंगाला. परतीच्या पावसानं आदल्या संध्याकाळी जे वादळ आणलं ते मी आजवर तिखटमीठ लावून बऱ्याच जणांना सांगितलंय, पण खरं सांगतो, त्याला तिखटमीठ लागतच नाही. आमच्या गोठ्याचा पत्रा उडाला तो अजून सापडलेला नाही. माझा अंदाज आहे की त्यानं सोलापूरला जाऊन स्वतंत्र संसार थाटला असावा. उभा ऊस असा झोपला की जणू कारखान्याचा भोंगा कायमचा बंद झाल्याची बातमी त्याला लागली होती. विजेचे खांब तर लग्नातल्या दारूड्या पाहुण्यांसारखे एकमेकांच्या गळ्यात पडून आडवे झाले. लाईट गेली, ती आज येते का उद्या, हे सांगायलाही माणूस नव्हता. रस्त्यावर बाभळी आणि लिंब आडवे, त्यामुळं दुधाचा टँकर येणार नव्हता.

आणि टँकर नाही म्हणजे सगळं दूध केंद्रातल्या बल्क कूलरमध्येच ठेवायचं. बल्क कूलर म्हणजे दूध गार ठेवणारी स्टीलची टाकी, म्हशीपेक्षा मोठी आणि म्हशीपेक्षा हट्टी. लाईट असेल तरच गार ठेवते. आदल्या संध्याकाळचं दूध तिच्यात होतं, आता सकाळचं दारात उभं होतं. आमच्या केंद्राचा एक रिवाज आहे: आलेलं दूध माघारी पाठवायचं नाही. भांडण असो, सुतक असो, निवडणूक असो, किटली दारात आली की ती रिकामी होऊनच जायची. दूध मातीत ओतणं म्हणजे आमच्याकडं गाईच्या तोंडावर चापट मारण्यासारखं. बाया दारातून नुसत्या टाकीकडं बघत होत्या. ते बघणं आबांच्या ओरडण्यापेक्षा जड होतं.

आता टॉवरचं. आमच्या माळावर, केंद्राच्या अगदी पाठीशी, मोबाईलचा टॉवर आहे. तो उभा राहिला तेव्हा मी लोकांना सांगायचो की त्याच्या शेंड्यावरून तुळजापूरचा कळस दिसतो. मी वर कधी चढलोय का, हे कुणी विचारलं नाही. टॉवर लायटीवर चालतो. लाईट गेली की खालच्या खोलीतल्या बॅटऱ्या त्याला सांभाळतात, आणि मागोमाग बाहेरच्या हिरव्या पेटीतला जनरेटर आपोआप सुरू होतो. बॅटऱ्या बिचाऱ्या म्हाताऱ्या झालेल्या, उठता-बसता धाप लागायची त्यांना. म्हणजे सगळी भिस्त जनरेटरच्या टाकीतल्या डिझेलवर. बारामतीहून पिकअप यायची, डिझेल भरून जायची. ह्या सगळ्याची एक चावी जागामालक म्हणून माझ्याकडं असायची, कंपनीचा माणूस आला तर दार उघडून द्यायला. चावीचं काम तेवढंच.

मी चावी काढली.

जनरेटरपासून कूलरपर्यंत वायर ओढायला माझा चुलतभाऊ होता. हा आमच्या वस्तीचा वायरमन. इतके झटके खाल्लेत की आता वीजच त्याला बिचकते. त्यानं जोडाजोडी केली, हात पुसले आणि खालच्या आवाजात मला म्हणाला, “कूलर लई ओढतो गड्या. त्यांनी डिझेल टॉवरपुरतं मोजून ठिवलेलं असतंय.”

“ओढू दे,” आबा म्हणाले. “तुझ्या बापाचं जातंय का?”

कूलरनं हुंकार दिला. टाकीतला पंखा फिरायला लागला. बायांच्या तोंडावर जे आलं ते बघून मला वाटलं, आपण आज गोवर्धन उचललाय. किटल्या ओतायला सुरुवात झाली. प्रत्येकजण मला काहीतरी बोलून जात होता. “तू व्हतास म्हणून.” “देवानंच टॉवर तुझ्या रानात रोवला बघ.” माझी बायको मात्र कोपऱ्यात उभी होती. ती म्हणाली, “अहो, त्या टॉवरचं काय व्हईल?”

“टॉवरला काय धाड भरलीय?” मी म्हणालो. “चालू हाय की. आणि फॅट बघ आज, फॅट!”

दूध गार व्हायला लागलं तशी लोकांना आपापले फोन आठवले. रात्रभर लाईट नव्हती, सगळे फोन मरायला टेकलेले. मी एक बोर्ड लावून दिला. मग त्या बोर्डाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा. दुपारी केंद्राची भिंत अशी दिसत होती की जणू फोनांचं मोहोळ उठून येऊन तिथं बसलंय. कुणीतरी पिठाच्या गिरणीलाही वायर ओढू म्हणालं, त्याला मात्र मी हाकलून दिलं. मलाही माझं तत्त्व होतं.

तात्या त्याच गर्दीत आले.

तात्या मेंढरांवरचे. दर वर्षी ह्या दिवसांत त्यांचा कळप आमच्या भागात असतो, मग दिवाळीनंतर घाटाखाली उतरतो. त्यांची पोरं बारामतीला एमआयडीसीत लागलीत, मेंढरं विका म्हणून मागं लागलीत. पण तात्या आणि त्यांची बायको, आमची मावशी, दोघंच अजून कळपामागं फिरतात. अंगावर घोंगडं, डोक्याला लाल पटका आणि बोलणं इतकं कमी की शब्द रेशनवर मिळतात असं वाटावं. फोन बटनांचा, प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर रबर. त्यांनी तो पिशवीतून काढला, माझ्या हातात दिला आणि बाकावर बसून राहिले. फोन भरेपर्यंत उठले नाहीत.

त्यांचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, नीरेच्या पात्रातल्या बेटावर होता. बेट म्हणजे नदीच्या मधोमध वाळूचा आणि गवताचा उंचवटा. पाणी कमी असलं की गुडघाभर पाण्यातून चालत जाता येतं. बाकी सगळीकडं ऊस, नाहीतर चिखल. चिखलात मेंढरू उभं राहिलं की खुर सडतात. कोरडी जागा म्हणून तात्यांनी बेट धरलं होतं.

फोन परत घेताना त्यांनी विचारलं, “वरनं धरणाचं पाणी सोडलं तर पाटील फोन करतो म्हणलाय. फोन ईल न्हवं?”

केंद्र माणसांनी भरलेलं होतं. सगळे माझ्याकडं बघत होते. अशा वेळी माझी जीभ माझ्या ताब्यात नसते.

“तात्या, टॉवर कुणाच्या रानात हाय?”

“तुझ्या.”

“चावी कुणाकडं हाय?”

“तुझ्याकडं.”

“मग झालं तर! जग बुडंल, चंद्र खाली पडंल, पर तुमचा फोन लागंल. यमराजाला जरी तुमास्नी बोलवायचं असलं ना, तरी त्याला आधी ह्या टॉवरवरनं मिस कॉल द्यावा लागंल!”

सगळे हसले. तात्या हसले नाहीत. माझ्या बोलण्यातला बारा आणे भाग बाजूला काढून उरलेलं घ्यायचं, ही वस्तीला सवय आहे. तात्या वस्तीचे नव्हते. त्यांनी सगळंच्या सगळं घेतलं.

“मग वाडा हलवत न्हाय,” ते म्हणाले. “वर चिखलात मेंढरू लंगडतंय.”

फोन पिशवीत घातला, रबर लावलं, आणि गेले.

तात्या नजरेआड होतात न होतात तोच माझा फोन वाजला. कंपनीचा साहेब. हा साहेब कुठल्या शहरात बसतो, मला माहीत नाही. पण टॉवरच्या टाकीत डिझेल किती आहे ते त्याला तिथं बसून दिसतं. आमच्या टाकीतलं डिझेल खाली-खाली जाताना त्याला दिसलं होतं.

“भाईसाब, आप की साइट का डीजल बहोत तेजी से कम हो रहा है. क्या बात है?”

मी फोन स्पीकरवर टाकला. आबांना डोळा मारला. केंद्र चिडीचूप.

“सर, डीजल कम नहीं हुवा. इधर हवा इतना जोर का है, टाकी हिल रही है. इसलिये वो काटा नाच रहा है.”

“आपने टंकी खोल के देखी?”

“अभी झाक के आया, सर. मेरा मुँह दिखता है उसमें. दाढी कर सकता हूँ, इतना साफ दिखता है.”

कुणीतरी तोंडात पदर कोंबला. आबांचे खांदे हसून गदगदायला लागले.

“फिर भी मैं गाडी भेजता हूँ,” साहेब म्हणाला. “बारामती वाला रास्ता बंद है, लेकिन दूसरी तरफ से घुमके आ जायेगी. शाम तक पहुँचेगी.”

आता इथं खरी गोम होती. गाडी आली असती तर गाडीवाल्यानं आधी डिझेल पाहिलं असतं, मग वायर पाहिली असती, मग वायर कुठं जाते ते पाहिलं असतं. मी म्हणालो, “सर, काहे को तकलीफ? गाडी फसेगी, डायव्हर मरेगा, पाप मेरे को लगेगा. कल-परसों भेजो. आराम से भेजो. डीजल भरपूर है.”

“पक्का?”

“माँ कसम.”

फोन ठेवला आणि केंद्रात असा हशा उसळला की टाकीतल्या दुधावर लाट आली असेल. आबांनी माझ्या पाठीत जी थाप मारली तिचा वळ अजून असावा. “दाढी करतोय म्हणं! आरं, तुला दिल्लीला पाठवाया पायजे!” मी खूश होतो. इतका खूश होतो की आईची शपथ घेतली, हेसुद्धा बायकोनं नंतर सांगितलं तेव्हा लक्षात आलं.

दुपार कलली तेव्हा जनरेटर खोकला. एकदा, दोनदा. मग लांब श्वास सोडल्यासारखा आवाज केला आणि गप्प झाला. टाकीतलं दूध तोवर इतकं गार झालं होतं की बोट घातलं तर बोट सर्दीनं शिंकावं. कूलरची टाकी गारवा धरून ठेवते. आता रात्रभर काळजी नव्हती. आबांनी वर हात जोडले. टॉवरच्या म्हाताऱ्या बॅटऱ्यांनी एक चहा होईपर्यंत दम धरला. मग त्याही बसल्या.

प्रत्येकजण आपापला फोन वर धरून बघायला लागला. सगळे फोन गच्च भरलेले, आणि एकालाही रेंज नाही. पंगत बसलीय, पानं मांडलीत आणि वाढपीच पळून गेलाय, अशी गत. लोकांना त्याचंही हसू आलं.

मला त्या क्षणी तात्या आठवले. ते आठवले नव्हते असं मी म्हणू शकत नाही. मी बाकावरून उठलोसुद्धा. मोटरसायकल दारातच होती. नदी काही परमुलखात नाही. बांधाबांधानं गेलं असतं तर चहा निवायच्या आत पोचलो असतो, आणि एवढंच सांगायचं होतं की तात्या, टॉवर बंद पडलाय, फोनची वाट बघू नका, मेंढरं वर घ्या. ज्या कामाला एवढा लोखंडी टॉवर, बॅटऱ्या, जनरेटर आणि दूरच्या शहरातला साहेब लागतो, ते काम एक माणूस मोटरसायकलवर करू शकत होता.

पण दारात पलीकडच्या आळीतली माणसं आली. त्यांना बातमी लागली होती. “ते दाढीचं काय म्हणलास रं साहेबाला? आमाला बी सांग की.”

“एकदा सांगून जातो,” मी मनात म्हणालो.

सांगितलं. दुसऱ्या खेपेला साहेबाचा आवाज मी जरा जास्त घाबरट केला. टाकीत मी केस विंचरतोय, हेही घातलं. मग आणखी दोघंजण आले, त्यांच्यासाठी परत सुरुवातीपासून. मग चहा आला. वरच्या धरणातून पाणी सोडायचं असतं तर सकाळीच सोडलं असतं, असं मी स्वतःशी म्हणालो. आभाळही जरा उघडलं होतं. तिसऱ्या खेपेला साहेब माझ्या पाया पडला.

साहेब पाया पडत असतानाच बाहेर मोटरसायकल येऊन आपटली. उभी केली नाही, आपटलीच.

“अरं ए टॉवरवाल्या! मेलाय का तुझा टॉवर?”

पोलीस पाटील. कमरेपर्यंत चिखल, एका गालावर बाभळीचा ओरखडा. ते अंथुर्ण्यात होते, तिथं दुसऱ्या टॉवरची रेंज होती, आणि तिथं त्यांना निरोप आला होता. तेव्हापासून ते फोन लावत होते. तात्यांना लावला, मला लावला, आबांना लावला. शेवटी निघाले. रस्त्यात पडलेल्या झाडांवरून मोटरसायकल उचलून-उचलून आणली होती.

“धरणातनं पाणी सोडलंय! मघाच सोडलंय! मेंढरं हलिवली का तात्यानं? कुणी सांगितलं का त्याला?”

आबा छत्रीच्या दांड्याकडं बघत राहिले.

मी आणि पाटील नदीकडं निघालो. वाटेत पाटलांनी एकदाच विचारलं, “डिझेल संपलं व्हय?” मी “व्हय” म्हणालो. त्यांनी पुढं काही विचारलं नाही.

पाणी किती होतं ते मी सांगत नाही. माझ्या तोंडून ते वाढेल. एवढं सांगतो की बेट आणि काठ यांच्यामधला जो ओढा गुडघाभर होता, त्यात तात्या छातीपर्यंत उभे होते. दोन्ही काखांत कोकरं. काठावर मावशी, त्यांच्यापुढं घोंगड्यावर ओली कोकरं थरथरत पडलेली. कुत्रं काठानं वर-खाली पळत होतं आणि भुंकून भुंकून त्याचा आवाज बसला होता. बेटाचा सखल भाग गेला होता. उंच टोकावर उरलेली मेंढरं एकमेकांना घट्ट चिकटून उभी होती. मेंढरू पुढचं चाललं तर मागचं चालतं. पण पुढचं पाण्यात पाय घालत नव्हतं. आणि जी आधी पाण्यात पडली होती त्यांची लोकर भिजली होती. ओल्या लोकरीचं मेंढरू मी त्या दिवशी पहिल्यांदा उचललं. ते ओल्या वाळूच्या पोत्यासारखं असतं, फरक इतकाच की ते तुमच्याकडं बघतं.

आम्ही तिघं पाण्यात होतो. मागून वस्तीतले लोक आले, चुलतभाऊ आला, कासरे आले. म्हातारा एडका, ज्याच्या गळ्यात घंटा होती, त्याला तात्यांनी शिंगाला धरून ओढत काठावर आणला, तेव्हा काही त्याच्यामागं आली. काही आली. बाकीची आली नाहीत. पाण्यात ती ओरडतही नव्हती. मेंढरू एरवी एवढ्या-तेवढ्याला बेंबाटतं. मला वाटलं होतं खूप आवाज होईल.

अंधार पडायच्या आधी पाणी बेटावरून गेलं.

तात्या काठावर बसले. त्यांनी पटका काढून पिळला. मग बंडीच्या आतून ती प्लॅस्टिकची पिशवी काढली, रबर काढलं, फोन बघितला आणि परत पिशवीत घातला. मावशी कुणाशी म्हणून नाही, नुसतीच बोलत होती. “पाणी जरा गढूळ दिसलं तवा मी म्हणलं, हलवू या. तर हे म्हणले, थांब, फोन ईल. सारखं फोन बघत व्हते. वाजला न्हाय, म्हणून बसलो.”

मी तिथं होतो. तिच्यापासून हाताच्या अंतरावर एक कोकरू पुसत होतो. मला बोलता येतं, हे अख्ख्या इंदापूर तालुक्याला माहीत आहे. मी कोकराचे कान पुसले. एकदा पुसून झाले तरी परत पुसले.

टँकर दुसऱ्या दिवशी आला. दूध उत्तम निघालं. आसपासच्या वस्त्यांवर लोकांनी दूध ओढ्यात सोडलं, आमच्याकडं थेंब वाया गेला नाही. कंपनीची गाडीही आली. डिझेलवाल्यानं टाकीत वाकून पाहिलं, ठणठणीत कोरडी. साहेबाला फोन लावला आणि दोघांनी मिळून ठरवलं की तो काटाच बिघडलाय, आधीपासून जास्त दाखवत असावा. वायर माझ्या चुलतभावानं आधीच गुंडाळून ठेवली होती. नव्या बॅटऱ्या बसल्या. टॉवर आता लाईट गेल्यावर पहिल्यापेक्षा जास्त टिकतो. मला कुणी काही विचारलं नाही.

ह्यानंच मला जास्त पिडलं. आबांनी संस्थेत माझा सत्कार ठेवला. शाल, नारळ, आणि आबांचं भाषण, जे माईक नसतानाही माईक फाटल्यासारखं ऐकू आलं. “ह्या गड्यानं आपलं दूध राखलं!” टाळ्या पडल्या. तात्यांचा विषय निघाला तेव्हा लोक हळहळले. “निसर्गापुढं कुणाचं काय चालतंय?” असं पाटीलच म्हणाले. आणि माझ्याकडं न बघता म्हणाले. मी उठून उभा राहिलो. खरं बोलावं असं मनात होतं, निदान आता तसं वाटतं. पण पुढच्या रांगेतून आवाज आला, “ते दाढीचं होऊ द्या!” आणि मला ऐकू आलं की मी ते सांगायला लागलोय. साहेबाचा आवाज काढून. लोक पोट धरून हसत होते. पहिल्यांदाच मला ते मध्येच थांबवता येईना आणि संपवताही येईना. शाल अंगाला टोचत होती, घोंगड्यासारखी.

घरी आल्यावर बायकोनं नारळ देव्हाऱ्यापाशी ठेवला नाही, स्वयंपाकघरात ओट्याखाली ठेवला. मी विचारलं, असं का? ती म्हणाली, “ऱ्हाऊ द्या तिथंच.”

मग मी शिव्या खायला बाहेर पडलो. हे ऐकायला गमतीचं वाटेल, पण मी खरंच शिव्या शोधत फिरलो. आबांना म्हणालो, “आबा, ती मेंढरं आपण मारली.” आबा म्हणाले, “वेडा का खुळा? पाण्यानं मारली.” चुलतभावाला म्हणालो, “तू मला सांगितलं व्हतंस.” तो म्हणाला, “मी तर वायर ओढली. जाऊ दे.” पाटलांकडं गेलो. म्हटलं, “तुमी वाटंत इचारलं ते आठवतंय?” पाटील म्हणाले, “चहा घेणार का?” सगळ्यांच्या किटल्या त्या टाकीत रिकाम्या झाल्या होत्या. मला शिवी दिली असती तर तिचा शिंतोडा ज्याच्या त्याच्या अंगावर उडाला असता. त्यामुळं वस्तीत त्या दिवसांत माझ्याइतका गुणी माणूस दुसरा नव्हता.

राहिले तात्या.

पाणी ओसरल्यावर त्यांनी बिऱ्हाड अंथुर्ण्याच्या रस्त्याकडंच्या माळावर हलवलं होतं. मी सकाळी गेलो. वाटेत वाक्यं जुळवत होतो. कशी सुरुवात करायची, साहेबाचा फोन आधी सांगायचा का वायर आधी, दाढीचं सांगायचं का नाही. मोटरसायकल लांबच लावली आणि चालत गेलो, कारण हॉर्न वाजवत जाण्यासारखं ते काम नव्हतं.

तात्या आणि मावशी वाघर सोडवत बसले होते. वाघर म्हणजे मेंढरं रात्री कोंडायची जाळी. नदीनं ती खाली कुठंतरी बाभळीला अडकवून ठेवली होती, कुणीतरी आणून दिली होती. तिच्यात जलपर्णी, काटे, कुठल्यातरी उसाची पाचट, एक प्लॅस्टिकची चप्पल, आणि जागोजाग ओल्या लोकरीचे पुंजके. सगळ्याचा मिळून एकच गुंता झाला होता. मावशी लोकर वेगळी काढत होती आणि एका फडक्यावर ठेवत होती. उरलेली मेंढरं बाजूला चरत होती. त्यांच्याकडं मी बघितलं नाही. मोजल्यासारखं झालं असतं.

“ये,” तात्या म्हणाले.

मी बसलो. वाक्यं सगळी कुठं गेली देव जाणे. माझ्यासारख्या माणसाला, ज्यानं यमराजाला मिस कॉल द्यायला लावला होता, त्याला एक वाक्य जुळेना. शेवटी जे आलं ते असं आलं:

“तात्या, टॉवर वादळानं बंद पडला न्हवता. डिझेल आमी दुधाला जाळलं. साहेब गाडी पाठवत व्हता, मीच नको म्हणलं. आणि टॉवर बंद पडल्यावर मला तुमची आठवण झाली व्हती. आलो न्हाय. गप्पा मारत बसलो.”

मावशीचा हात थांबला. तात्यांचा थांबला नाही. ते जाळीची एक गाठ नखानं सैल करत होते. ती सुटली, तेव्हा दुसरी धरली.

“तात्या, काहीतरी बोला. शिव्या द्या.”

“ठावं हाय मला,” तात्या म्हणाले. “ते टोक धर.”